करडीचा टीव्ही मधेच का थांबतो?

छापून आलं ते रद्दीत जातं. जे छापता येत नाही, ते बातमीदाराच्या डोक्यात साचत राहतं. भंडाऱ्यात अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केली. माझ्या डोक्यात आता पाय ठेवायला जागा नाही. त्यातले पुढाऱ्यांचे किस्से वकिलाला विचारून सांगावे लागतील. म्हणून आज टीव्हीचे सांगतो. टीव्हीला वकील नसतो.

आता तुम्ही म्हणाल, या बातमीदाराचा आणि टीव्हीचा संबंध काय? मीही तेच म्हणत होतो!

जिल्ह्यातले जुने तलाव बुजवून कुठे कुठे प्लॉट पडले, त्याची मालिका मी लिहीत होतो. कागदपत्रं हातात, नकाशे टेबलावर. तेवढ्यात नागपूरहून संपादकांचा फोन.

"पुढच्या आठवड्यापासून तुमचं नवं सदर. टीव्ही, मोबाइल, गाणी, ब्लूटूथ. वाचक प्रश्न विचारतील, तुम्ही उत्तर द्यायचं."

"मी?"

"आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले ना? आता जरा उत्तरं द्या."

"साहेब, मी तलावांची मालिका लिहितोय!"

"तलाव काय पळून जाताहेत?"

"पळूनच जाताहेत! तेच तर लिहितोय!"

फोन कट.

*

सदर सुरू झालं. माझ्या कार्यालयाच्या खाली खेमराजचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. खेमराज कमी बोलणारा माणूस. तोंडात नेहमी एखादा स्क्रू धरलेला, त्यामुळे बोलायची सोयही कमी.

वाचक मला विचारायचे. मी जिना उतरून खेमराजला विचारायचो. जिना चढून लिहायचो. पेपरात नाव माझं, फोटो माझा!

एक दिवस मला स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, "खेमराज, माहिती तुझी आणि नाव माझं, हे मला पटत नाही रे."

त्याने तोंडातला स्क्रू काढला. "काहून जी भाऊ? बातमीतही असंच असते ना?"

त्या आठवड्याचं सदर मी जिना न उतरता लिहिलं. त्यात तीन चुका निघाल्या.

*

पहिला मोठा प्रश्न पवनीहून आला. निवृत्त गुरुजी. फोनवर आवाज असा, की मी खुर्चीत सरळ बसलो.

"मुलाने नवा टीव्ही घेऊन दिला. आम्ही दोघं शांतपणे मालिका पाहत असतो. आणि मधेच तो लिहून विचारतो, तुम्ही अजून पाहत आहात का? हे काय आहे?"

"गुरुजी, बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की तो विचारतो."

"पण त्याला दिसतं कसं? हिने तर टीव्हीसमोर डोक्यावरून पदर घ्यायला सुरुवात केली!"

"दिसत नाही त्याला. तुम्ही 'हो' करायचं, बस."

"रोज म्हणतो 'हो'. मोठ्याने म्हणतो. हीसुद्धा म्हणते. ऐकत नाही."

मी बटण दाबायचं असतं हे समजावलं. मग गुरुजी म्हणाले, "छत्तीस वर्षं मी पोरांना विचारलं, लक्ष आहे का? एकानेही खरं उत्तर दिलं नाही. आता मला विचारतात!"

*

आणि मग दसरू आला.

दसरू करडीचा. पन्नाशीचा, धानाचा शेतकरी. आला तो दारातच उभा राहिला, चप्पल बाहेर काढून.

"साहेब, माह्या घरचा टीव्ही आपोआप सुरू होते."

"होतो कधी कधी."

"रोज होते जी. दिवाबत्तीच्या टायमाले. अन् सुरू होऊन माह्या भावाचं गाणं लावते."

मी पेन उघडलं. त्याच्या भावाला मी ओळखत होतो. अख्खी करडी ओळखते. थोरला माणिकराव म्हणजे दंडारीचा गायक. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, जावई येतात आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, उभी राहते. माणिकराव ओळ टाकायचा आणि मागून दसरू ती उचलून धरायचा, म्हणजे झील द्यायचा. दोघांचं जमायचं असं, की ओळ कुठे संपली आणि झील कुठे सुरू झाली, कळायचं नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या मंडईत माणिकरावाने न सांगता मधेच गाणं बदललं. दसरूची झील चुकली. माणिकराव माइकवरच बोलला, "झोपला का रे?" समोर दसरूचा सासरा बसलेला, साळे बसलेले. दसरू तिथूनच उठून गेला. तेव्हापासून दोघे एकाच घराच्या दोन भागांत राहतात, मधे भिंत घातली, आणि एक शब्द बोलत नाहीत. करडीची दंडार बंद. यंदा तर मंडळींनी ठरवून टाकलं होतं, की दोघे उभे राहत नसतील तर भाड्याने मोठा पडदा आणायचा आणि मोबाइलवरून त्यावर काहीतरी लावून द्यायचं.

म्हणजे टीव्ही दसरूचा, आणि त्याच्यावर गाणं कुणाचं? माणिकरावाचं!

"मग बंद का करत नाही?" मी विचारलं.

"रिमोट सापडत नाही लवकर."

"रोज?"

"रोज," दसरू म्हणाला. "अन् वरून अटकते. एक ओळ म्हणते, थांबते. पुन्हा म्हणते, पुन्हा थांबते. डोस्कं खराब होते."

मी लिहून घेतलं: नेट कमी, गाणं अडकतं. आणि माझं रक्त तापलं. माणसाच्या घरात त्याच्या परवानगीशिवाय टीव्ही सुरू होतो म्हणजे काय?

*

दसरूला समोर बसवून मी टीव्ही कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, दाबून दाबून बोट दुखलं. शेवटी एक मुलगी बोलली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, आपली अडचण सांगा."

"टीव्ही आपोआप सुरू होतो!"

"म्हणजे टीव्ही सुरू होतोय ना, सर?"

"होतोय! पण आम्ही करत नाही!"

"मग सुरू होण्यात अडचण नाही, अशी नोंद करू का?"

"अहो बाई, न करता सुरू होतो हीच अडचण आहे!"

दसरू हळूच म्हणाला, "पोट्टी बरोबर बोलून राहिली जी."

"तुम्ही थांबा!" मी दसरूला गप्प केलं. "आणि लिहा, गाणं मधेमधे थांबतं."

"सर, ग्राहकांना ते गाणं बंद करायचं आहे की नीट ऐकायचं आहे?"

मी दसरूकडे पाहिलं. दसरू पंख्याकडे पाहत होता.

"सर?"

"विचारून सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा समोरच्याच्या प्रश्नाने माझी मुलाखत संपली!

*

मधल्या काळात साकोलीच्या सुशीलाबाई आल्या. शिवणकाम करतात. मशीनवर बसून गाणी ऐकायला त्यांनी ब्लूटूथ स्पीकर घेतलेला.

"भाऊ, हा स्पीकर सव्वासहाले एकटाच बोलते. 'कनेक्टेड' म्हणते."

मी जिना उतरलो. खेमराज म्हणाला, नवऱ्याचा मोबाइल त्याला जोडलेला असेल, नवरा जवळ आला की स्पीकर बोलतो. मी जिना चढून सांगितलं.

सुशीलाबाईंनी मनात हिशेब केला. "पण हे तर आठ वाजता घरी येतात. ऑफिसात लोड आहे म्हणतात."

"घराजवळ काय आहे?"

"भिंतीले लागून पानठेला."

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक प्रश्न आला: 'मोबाइल स्पीकरला आपोआप जुळणे कसे बंद करावे? कृपया नाव छापू नये.'

मी उत्तर छापलं, असं करता येत नाही.

खेमराज पेपर घेऊन वर आला. "भाऊ, येते ना करता."

"बातमीदाराने कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते मला शिकवू नको!" मी ओरडलो.

आठ दिवसांनी सुशीलाबाई पुन्हा आल्या. म्हटलं, आता भांडण झालं असेल. तर म्हणतात कशा, "भाऊ, असा स्पीकर अजून एक कुठं मिळन? माह्या जावेले पाहिजे."

*

दसरूची तक्रार मी कंपनीला ईमेलने पाठवली होती. उत्तराची वाट पाहत होतो. तर एक दिवस जिन्यावर काठी वाजली. पांढरी टोपी, गळ्यात मफलर. माणिकराव!

"साहेब, माह्या टीव्हीत बिघाड आहे."

मी मनात म्हटलं, एका घराचे दोन टीव्ही, दोन्ही बिघडले!

माणिकरावाची लेक नागपूरला असते. त्याने तिच्याकडे बसून चार-पाच गाणी म्हटली, तिने मोबाइलमध्ये घेतली आणि नेटवर टाकली. वर बापाला शिकवलं, की कोपऱ्यातलं चौकोनी चिन्ह दाबायचं, टीव्हीचं नाव येतं ते दाबायचं, की मोबाइलमधलं गाणं टीव्हीवर दिसतं.

"दाबतो जी रोज. मोबाइल म्हणते, चालू आहे. टीव्ही पाहा तर बंद. पण खरी गोष्ट ते नाही." त्याने खुर्ची पुढे ओढली. "मी बटन दाबलं, की भिंतीपलीकडे आमचा दसरू तेच गाणं लावते!"

"तेच?"

"माहंच! त्याच टायमाले! त्याले समजते कसं? कुठून पाहून राहते का तो? त्याले म्हणा, ऐकाचं असन तर समोर येऊन ऐक. भिंतीआडून कायले चिडवतं?"

मी वहीत दोन ओळी लिहिल्या. दसरू म्हणतो, मी लावत नाही, आपोआप लागतं. माणिकराव म्हणतो, तो मुद्दाम लावतो. खाली लिहिलं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मग ते खोडलं. कारण दोघांचीही तोंडं खरं बोलणाऱ्या माणसासारखी गोंधळलेली होती.

जाताना माणिकराव दारात थांबला. "तो पुरं ऐकते का जी? का मधातच बंद करते?"

"रिमोट सापडत नाही म्हणतो."

"रिमोट," माणिकराव स्वतःशीच म्हणाला आणि काठी टेकत उतरला.

*

स्वतःच्या घरचा एक किस्सा लपवला तर मी बातमीदार कसला? सांगून टाकतो.

माझ्या घरी सेट-टॉप बॉक्स. एक दिवस रिमोट चालेना. सेल बदलले, चालेना. केबलवाल्याला फोन केला, भांडलो. ग्राहक हक्कांवर त्याला वीस मिनिटं ऐकवलं. "उद्याच्या अंकात पाहा!" असंही म्हणालो. तो बिचारा नवा रिमोट देऊन गेला. तोही चालेना! मी नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला.

बायको म्हणाली, "आधी खेमराजला बोलवा."

खेमराज आला. रिमोट पाहिलाच नाही. टीव्हीच्या स्टँडवर मी माझ्या जुन्या अंकांचे गठ्ठे रचून ठेवतो, कात्रणं काढायची म्हणून. गेल्या आठवड्यात एक गठ्ठा वाढला होता. खेमराजने तो उचलला. मागे बॉक्सचा लाल दिवा दिसला. रिमोट चालू!

"काय होतं रे?"

"काही नाही भाऊ. तुमच्या बातम्या मधात येऊन राहिल्या होत्या."

बायको आजही पाहुण्यांना हा किस्सा सांगते. मी पाणी आणायला आत जातो.

*

कंपनीचं उत्तर आलं: 'आपली अडचण सुटल्याचा आनंद आहे.' मी टेबलावर मूठ आपटली आणि खाली गेलो. "खेमराज, गाडी काढ. करडीला जाऊ."

पोचलो तेव्हा दोघे भाऊ धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात होते. घरी दोघांच्या बायका, थोरल्याची वच्छलाबाई आणि धाकट्याची रेखा. आम्हाला पाहून दोघी एकाच दारातून बाहेर आल्या, मग आठवण झाल्यासारखी एक आत गेली आणि दुसऱ्या दारातून पुन्हा बाहेर आली.

खेमराजने दोन्ही टीव्ही पाहिले. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे.

"एकाच दिवशी घेतले का जी?"

"गणपतीच्या ऑफरमधी," रेखा म्हणाली. "सोबतच गेलो होतो." मग जीभ चावली.

"वायफाय कोणाकडे आहे?"

"आमच्याकडे," वच्छलाबाई म्हणाली.

"मग यांचा टीव्ही कशावर चालते?"

मग वच्छलाबाईने सांगून टाकलं. परसातल्या कुंपणावरून ती जावेला भाजीची वाटी देते. एक दिवस वाटीखाली चिठ्ठी ठेवली, चिठ्ठीवर पासवर्ड. नवरे बोलत नाहीत, बायकांनी पाच वर्षं बोलणं सोडलेलंच नव्हतं!

खेमराजने मला अंगणात बाजूला घेतलं. "भाऊ, सोपं आहे. वायफाय एक, टीव्ही दोन, दोघायचं नाव एकच. माणिकभाऊच्या मोबाइलमधी दोन नावं येतात. ते वरचं दाबतात. वरचा टीव्ही दसरूभाऊचा."

अठ्ठावीस वर्षांच्या बातमीदाराला जे महिनाभर कळलं नाही, ते याला चहा व्हायच्या आत कळलं.

"आणि ते अडकतं ते?"

"नेट फुल आहे. अटकाचं काम नाही."

तेवढ्यात दोघे भाऊ परतले, पाच-सात पावलांचं अंतर राखून. मी दसरूच्या पडवीत बसलो होतो. दिवे लागले. भिंतीपलीकडे काठी ठेवल्याचा आवाज आला. आणि दसरूचा टीव्ही आपोआप सुरू झाला.

पडद्यावर माणिकराव. लेकीच्या घरातल्या सोफ्यावर एकटाच बसलेला. त्याने ओळ टाकली आणि थांबला. तोंड मिटलेलं, पण मान हलत होती, बोटं मांडीवर ताल धरून होती. मग पुढची ओळ. पुन्हा थांबला. पुन्हा मान, पुन्हा बोटं.

गाणं अडकत नव्हतं! तो झीलसाठी जागा सोडत होता. मागे कुणी नसताना, सवयीने.

मी दसरूकडे पाहिलं. रिमोट त्याच्या हातातच होता. अंगठा बटणावर होता आणि दाबत नव्हता. त्याचे ओठ हलत होते की तो सुपारी चघळत होता, हे मी शपथेवर सांगणार नाही.

निघताना वच्छलाबाई फाटकाशी आली. "साहेब, पासवर्ड बदलवू नका. अन् ह्यायले सांगू नका. समजलं तर वाटीही बंद होईन."

खेमराज म्हणाला, "भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे. टीव्हीचं नाव बदलवून देऊ? मग ज्याचं त्याच्या घरी वाजन."

बातमी दाबा म्हणून मला मोठमोठ्या माणसांनी सांगितलं आहे. फोन आले, धमक्या आल्या. आजवर मी एकही बातमी दाबली नव्हती.

"खेमराज," मी म्हटलं, "गाडी काढ."

*

मंडई आठ दिवसांवर आली. पडदा ठरवायला मंडळी भंडाऱ्याला येऊन गेल्याचं कानावर आलं होतं. मी पुन्हा तलावांच्या कागदात डोकं घातलं होतं. जिन्यावर काठी वाजली.

माणिकराव बसला. पाणी प्यायला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"साहेब, त्या गाण्यात एक नवं झालं."

"काय झालं?"

"झील येऊन राहिली."

"गाण्यात?"

"गाण्यात! पोट्टीनं रेकॉर्डिंग केलं तवा मी एकटा होतो. झील द्याले कोणी नव्हतं. आता येते. जिथं पाहिजे तिथं, बरोबर जागेवर येते."

मी खेमराजला हाक मारली. तो वर आला, तोंडात स्क्रू.

"कोणतं अपडेट आलं का जी?" माणिकरावाने त्याला विचारलं.

खेमराजने स्क्रू काढला नाही. नुसती मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही.

"काल मी परीक्षा घेतली," माणिकराव म्हणाला. "एक गाणं चालू होतं, मधातच दुसरं लावलं. कोणाले न सांगता."

"मग?"

"चुकली नाही."

मग मी कंपनीच्या त्या मुलीचाच प्रश्न विचारला. "माणिकराव, म्हणजे ते बंद करायचं आहे का?"

"बंद कायले?" त्याने टोपी डोक्यावर ठेवली, काठी हातात घेतली. "भिंतीपलीकडून आवाज थोडा बारीक येते जी. मंडई जवळ आली. मोठा कसा करावा, तेवढं सांगा."